बंगल्यात बसून मारेकरी कसा घडवावा
(नवशिक्या पटकथालेखकांसाठी मार्गदर्शन)

अभिनंदन! निर्मात्यानं तुम्हाला दहा दिवस लोणावळ्याला धाडलंय, म्हणजे तुम्ही लेखक झालात. अजून एक ओळही लिहिलेली नाही याची खंत नको. या धंद्यात ती अडचण समजली जात नाही. हिंदी सिनेमावाल्यांनी 'स्टोरी सिटिंग' नावाचा जो विधी पिढ्यान्‌पिढ्या चालवलाय, त्यात सिटिंग आधी होते, स्टोरी सवडीनं येते. आणि त्यासाठी खंडाळा-लोणावळ्याइतकी सोयीची जागा नाही. मुंबईपासून इतकी जवळ की बिलं वेळेवर पोचतात, इतकी लांब की निर्माता रोज डोकावत नाही.

काम काय ते नीट समजून घ्या. निर्मात्याला हवाय सुपारी घेऊन माणसं मारणारा नायक. दिवसा साधा, पापभीरू, शेजारच्या काकूंचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवून देणारा. रात्री नेम धरून टिपणारा. घरात कुणाला पत्ता नाही. 'मूळ कोरियन आहे, पण आपण मावळात टाकू,' असं निर्माता फोनवर म्हणाला असेल. म्हणू द्या. खालच्या पायऱ्या क्रमानं चढा. दहा दिवसांत पटकथा झाली नाही तरी पोस्टर नक्की होईल.

१. बंगला निवडा

तुंगार्लीचा चालेल, वळवणचा चालेल, पवना धरणाच्या काठचा असेल तर उत्तम. स्विमिंग पूल हवाच. त्यात उतरायचं नसतं, काठावर बसून शून्यात बघायचं असतं. शक्यतो सोमवार ते गुरुवार लिहा, कारण त्या दिवसांत आजूबाजूचे सगळे बंगले कुलूपबंद असतात आणि एकांत मिळतो. शुक्रवारी रात्री शेजारी कुणाची तरी बॅचलर पार्टी उतरते. त्या आवाजात लिहिलेले खून जास्त निर्घृण होतात, तेव्हा तेही वाया जात नाही.

बंगल्याबरोबर एक केअरटेकर येतो. पन्नाशीचा, डोक्याला टोपी, मागच्या खोलीत बायको-मुलासह राहणारा. चहा करतो, गिझर लावतो, 'साहेब, रातच्याला दार वढून घ्या, बिबट्या येतुय' असं बजावतो. त्याच्याशी गोड बोला, पण बेतानं. विचारलं तर तो खरं सांगतो, आणि खऱ्यानं पटकथा नासते.

२. पूर्वसूरींचा अभ्यास करा

कुणाकडून काय घेतोय हे माहीत असलं की चोरी करताना ठेच लागत नाही.

मराठी माणसाला दुहेरी आयुष्याचा पहिला जबरदस्त धडा दिला तो लखोबा लोखंडेनं. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ मध्ये आलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, एका देहाची अनेक नावं, अनेक संसार, आणि फिरत्या रंगमंचावर क्षणात वेष बदलून येणारे प्रभाकर पणशीकर. लखोबाचं हत्यार म्हणजे त्याची जीभ. तेवढ्यावर त्यानं दशकानुदशकं प्रेक्षकांना खुर्चीला खिळवून ठेवलं. तुम्हाला हे जमणार नाही, कारण त्यासाठी संवाद लिहावे लागतात.

त्याआधी आणि त्यानंतर बाबूराव अर्नाळकर होते. हजारावर रहस्यकथा लिहून गेले, त्याही बंगला न घेता. मग सुहास शिरवळकर. हे दोघे तुमच्या वडिलांनी दप्तरात लपवून वाचले असतील. विचारून घ्या.

मग १९९८चा 'सत्या'. राम गोपाल वर्मांचं दिग्दर्शन, लेखन सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांचं. सत्याच्या समोरच्या दारात विद्या राहते. ती गायिका व्हायची स्वप्नं बघते, हा भिकू म्हात्रेच्या टोळीत माणसं मारतो, आणि आपण काय करतो हे तिला सांगायची वेळ पुढं पुढं ढकलत राहतो. तुमच्या निर्मात्याला जे हवंय ते तेव्हाच होऊन गेलंय, मुंबईतल्या एका अरुंद पॅसेजमध्ये. पुढच्याच वर्षी महेश मांजरेकरांचा 'वास्तव' आला. तिथं तर लपवालपवीही नाही. पावभाजीची गाडी लावणारा रघू काय झालाय हे सगळ्या घराला ठाऊक, आणि शेवटी बंदूक उचलते ती आई.

या यादीतला सर्वांत धोकादायक सिनेमा म्हणजे २०१८चा 'मुळशी पॅटर्न'. प्रवीण तरडे यांनी तो तुमच्या बंगल्याच्या पलीकडच्या तालुक्यावर बेतला. जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा पोरगा गुन्हेगारीत कसा ओढला जातो, ते त्यात दिसतं. २०२१ मध्ये मांजरेकरांनी त्याचाच हिंदीत 'अंतिम' केला. धोकादायक अशासाठी की पोरानं हत्यार का उचललं, हे तो सिनेमा सांगतो. तुमच्या नायकाला 'का' देऊ नका. काळा गॉगल द्या.

३. दिवसाचा धंदा ठरवा

इथं नवशिके गडबडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

परदेशी नायक कॉलेजात शिकवतो. रिचर्ड लिंकलेटरचा 'हिट मॅन' बघितला असेल. तो ज्या गॅरी जॉन्सनवरून घेतलाय, तो खराखुरा टेक्सासमध्ये होता. कॉलेजात शिकवायचा आणि फावल्या वेळात भाडोत्री मारेकरी म्हणून लोकांना भेटायचा. फरक एवढाच की तो सरकारी यंत्रणेचा माणूस होता. सुपारी द्यायला येणाऱ्याचं बोलणं ध्वनिमुद्रित व्हायचं आणि गिऱ्हाईक आत जायचं. म्हणजे दुहेरी आयुष्य जगणारा जो नामांकित सुपारीबाज कागदोपत्री सापडतो, त्यानं कुणाला मारलंच नव्हतं. निर्मात्याला हे कळू देऊ नका, बजेट कमी करेल.

मावळात चार पर्याय आहेत.

चिक्कीचं दुकान. दिसायला छान. उकळता गूळ, लाटणं, धारदार सुरी, वर काचेच्या बरण्या. शिवाय इतिहासही जोडता येतो. बोरघाटातून आगगाडी १८६३ मध्ये चालू झाली आणि घाटात राबणाऱ्या मजुरांच्या गूळ-शेंगदाण्यातून चिक्की आली, असं गावात सांगतात. अडचण एकच. शनिवार-रविवारी दुकानदाराला डोकं खाजवायला सवड नसते, मग खून करणार कधी? मंगळवारी? मंगळवारी कुणी मरत नाही, सगळे शूटिंगच्या तारखांप्रमाणे शनिवारीच मरतात.

योगशिक्षक. निर्माता खूश होईल, 'इंटरनॅशनल अपील' म्हणेल. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. तुमचा नायक मात्र श्वास रोखतो तो नेम धरण्यासाठी. म्हणून खऱ्या संस्थेचं नाव घेऊ नका. खोटा आश्रम काढा, त्यात चार परदेशी पाहुणे बसवा, आणि कुणालाही खऱ्या आसनात बसवू नका; मांडी घालून डोळे मिटणं पुरेसं आहे.

जमिनीचा एजंट. हा तालुक्यातला सर्वांत मुबलक व्यवसाय. पांढरा शर्ट, पांढरे बूट, गाडीच्या काचेवर दैवताचं नाव, दोन फोन. एका फोनवर तो विकणाऱ्याला एक भाव सांगतो, दुसऱ्यावर घेणाऱ्याला दुसरा. दुहेरी आयुष्य तो उघड्यावर, भर चौकात, व्हिजिटिंग कार्ड छापून जगतो. म्हणूनच तो नायक म्हणून बाद. मध्यंतरात त्याचं गुपित फुटलं तर प्रेक्षक विचारेल, यात नवीन काय?

चौथा पर्याय केअरटेकर. तो सोडून द्या. हिरो झाडू मारताना बरा दिसत नाही.

४. खोटं नाव द्या, पण जमीन घेऊ देऊ नका

सिनेमातला मारेकरी नाव बदलतो, पासपोर्ट बदलतो, गाडीची नंबरप्लेट बदलतो आणि डोंगराच्या कुशीत टुमदार शेतघर घेऊन राहतो. पहिली तिन्ही कामं मावळात होतील. चौथं अवघड आहे.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. १९४८च्या कूळकायद्यात तशी तरतूदच आहे. तेव्हा तुमच्या नायकाला एकाच रात्रीत पाच माणसं मारता येतील, पण शेतकरी असल्याचा दाखला आणता येणार नाही. आणि आणलाच तर सातबाऱ्यावर आणखी सव्वीस नावं निघतील. चुलते, चुलतचुलते, लग्न होऊन पनवेलला गेलेली आत्या. त्यांतला एक जण हरकत घेईल. नायक त्याला मारेल, मग त्याच्या चार वारसांची नोंद लागेल आणि हरकती चार होतील. सूडनाट्य इथं संपतं आणि महसुली दावा सुरू होतो. तो कुठल्याही ओटीटीच्या आठ भागांत मावत नाही.

अतिशयोक्ती वाटते? १९७८च्या 'डॉन'मध्ये अमिताभ बच्चन यांच्या साध्यासुध्या विजयला डॉन म्हणून खपवलं जातं, आणि अख्खी टोळी फसते. पुढं बच्चन यांनी पवना धरणाच्या परिसरात, म्हणजे आपल्याच मावळात, जमीन घेतली. २००७ च्या सुमारास ते शेतकरी आहेत की नाहीत यावर उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीपर्यंत कागद धावले आणि देशभर वाद झाला. डॉन आहोत हे पटवायला तीन तास पुरले होते.

५. सुपारी गुपचूप द्या

अंधारं हॉटेल, ब्रीफकेस, फोटो. बस. उघड्यावर विडा उचलून निघण्याची पद्धत विजापूरच्या दरबारात होती. १६५९ मध्ये अफझलखान तसा निघाला आणि पुढं काय झालं ते शाळेतल्या पोरालाही पाठ आहे.

६. नायकाला गावापासून लांब ठेवा

ही पायरी चुकली तर सिनेमा चुकला.

तुम्ही बंगल्याच्या गच्चीतून बघता तेव्हा मावळ म्हणजे हिरवं, ओलं, निर्मनुष्य दिसतं. तो भास आहे. खाली आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशी खोरी आहेत, त्यांत गावं आहेत, गावांत पार आहेत आणि पारावर माणसं आहेत. ती माणसं रस्त्याकडं तोंड करून बसतात. काळं जर्किन घातलेला, काळी लांब बॅग घेतलेला तुमचा नायक आंदर मावळात एसटीतून उतरला की काय होतं, ते नमुन्यादाखल देतो.

'कुणाकडं आला, पाव्हणं?'

'कुणाकडं नाही. असंच.'

'असंच कोन येतंय हिकडं? जागा बघाय आला का?'

'नाही हो.'

'लाजताय कशापाय? रोडटच पायजे का आतली चालल?'

पुढं नायक टेकाडावर चढतो, करवंदीच्या जाळीआड रायफल जोडायला बसतो. ती जोडून होईपर्यंत त्याला तीन प्लॉट दाखवून झालेले असतात. चौथ्याचा सातबारा व्हॉट्सअॅपवर आलेला असतो. नेम धरायच्या वेळी मागून आवाज येतो, 'पाण्याची सोय हाय बरं का, बोर मारली की दीडशे फुटाला लागतंय.' मावळात परका माणूस एकाच कामासाठी येतो, अशी गावाची पक्की समजूत आहे, आणि गेल्या तीस वर्षांत ती खोटी ठरवणारं फारसं काही घडलेलं नाही.

अशा मुलखात कुणी दोन आयुष्यं जगू म्हटलं तर गाव त्याला दोन्हींबद्दल सल्ला देईल.

म्हणून नायकाला बंगल्यांच्या सोसायटीत राहायला ठेवा. तिथं कुणाला कुणाचं आडनाव माहीत नसतं. पाटीवर 'मातृछाया' लिहिलेलं असतं आणि आत आई नसते. शुक्रवारी संध्याकाळी टोलनाका ओलांडून येणाऱ्या गाड्यांत दुहेरी आयुष्यांची कमतरता नाही. त्यांत बहुधा खून नसतो, इतकंच.

७. हत्यार

पुणे जिल्ह्यात गुन्ह्याच्या बातम्यांत हल्ली ज्याची चलती आहे तो कोयता. पण कोयता बॅगेतून सुटा-सुटा काढून खटाखट जोडता येत नाही, त्यावर दुर्बीण बसत नाही, आणि तो हातात घेतला की नायक काल-परवा पकडलेल्या, मिसरूड न फुटलेल्या पोरासारखा दिसतो. सबब रायफल. ती कुठून आली हे विचारणाऱ्या सहायकाला चहा आणायला पाठवा.

८. पाठलाग

प्रत्येक नवशिका यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर मोटारसायकलचा पाठलाग लिहितो. खोडा. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. २००२ पासून पूर्ण चालू असलेल्या रस्त्याचा हा नियम तुमच्या नायकाला माहीत नसेल, तर तो बाकीच्या योजना काय आखणार?

मोटार दिली तरी शनिवारी सकाळी देऊ नका. खंडाळ्याच्या घाटात मारेकरी आणि सावज एकाच कोंडीत अडकतात. पहिल्या अर्ध्या तासात एकमेकांकडं रोखून बघणं होतं. दुसऱ्या अर्ध्या तासात दोघं खाली उतरून पुढं काय झालंय ते बघून येतात. तिसऱ्यात शेंगदाणे वाटून खातात. इतक्या ओळखीनंतर गोळी झाडणं बरं दिसत नाही.

अमृतांजन पुलाखाली भेट ठरवली असेल तर तीही बदला. तो पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा मिळाला तेव्हा, पाडला.

९. पाऊस

भरपूर वापरा, फुकट आहे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो. टायगर पॉइंटला धुक्यात रायफल रोखून बसलेला नायक लिहायला सुंदर वाटतो. प्रत्यक्षात त्या धुक्यात पुढच्या माणसाच्या हातातलं कणीसही दिसत नाही, आणि दुर्बिणीत दिसते ती भजीवाल्याची ताडपत्री. पण कॅमेरामन सांभाळून घेईल.

१०. प्रेयसी आणि आई

प्रेयसीला काही कळता कामा नये. रोज रात्री गायब होणारा, शर्टावर डाग घेऊन परतणारा, 'ऑफिसचं काम होतं' म्हणणारा पुरुष तिला निव्वळ कष्टाळू वाटला पाहिजे. मराठी घरातल्या कुठल्याही बाईला हे पटणार नाही, म्हणून प्रेयसीला अनाथ आणि चित्रकार करा. आई असेल तर पहिल्या दहा मिनिटांत गावी पाठवा. आई दहा मिनिटांत ओळखते.

११. हळवा कोपरा

मेलव्हिलच्या १९६७च्या 'ल सामुराई'त आलाँ देलाँच्या खोलीत पिंजऱ्यात पक्षी आहे. १९९४च्या 'लिऑन'मध्ये ज्याँ रेनो कुंडीतलं रोप सोबत घेऊन फिरतो. तेव्हा तुमच्या नायकालाही काहीतरी पाळायला द्या. खंडाळ्यात माकडं आहेत, पण ती देऊ नका. पहिल्याच दिवशी दुर्बीण घेऊन झाडावर जातात.

१२. प्रेत कुठं टाकायचं, याचा आधी नकाशा काढा

भावनेच्या भरात प्रेत कुठंही टाकणारे लेखक पुढं फार रडतात. तळेगाव दाभाडे आणि देहूरोड २०१८ मध्ये झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात जातात. वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणकडं. लोणावळ्यातही पुन्हा शहर वेगळं, ग्रामीण वेगळं. रुळाशेजारी पडलं तर लोहमार्ग पोलीस. घाटातून चार वळणं जास्त गडगडलं तर रायगड जिल्हा. तुमचा करारी, झोप न घेणारा, घटस्फोटित तपास अधिकारी नेमका कुठल्या हद्दीतला, हे ठरल्याशिवाय त्याला सिगारेट पेटवू देऊ नका.

१३. खऱ्या घटनांना हात लावू नका

मोह होईल. आवरा.

पुण्यातच दुहेरी आयुष्याचं खरं प्रकरण होऊन गेलंय. १९७६-७७ मधली जोशी-अभ्यंकर हत्याकांडं. मारणारे चौघं चित्रकला महाविद्यालयातले विद्यार्थी. दिवसा कॉलेज, कट्टा, मित्र. चौदा महिन्यांत दहा खून, आणि संध्याकाळ झाली की दारं-खिडक्या लावून बसलेलं शहर. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यावर नाना पाटेकरांचा 'माफीचा साक्षीदार' येऊन गेला. त्या पोरांकडं ना गॉगल होता, ना तत्त्वज्ञान, ना पिंजऱ्यातला पक्षी. असल्या माणसावर गाणं कसं टाकणार?

आणि मावळातलं म्हणाल, तर तळेगाव दाभाडे. १३ जानेवारी २०१०. माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी सकाळी फिरायला बाहेर पडले होते, तेव्हा त्यांचा खून झाला. द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार ते कागद मागून, अर्ज करून उघडकीला आणत होते. तपास पोलिसांकडून सीबीआयकडं गेला. २०१४ मध्ये सीबीआयनं तो बंद करण्याचा अहवाल दिला, पुढं तो पुन्हा उघडला. यात तुम्हाला घेण्यासारखं काय आहे? पाऊस नाही, पाठलाग नाही, कड्यावरची मारामारी नाही. थंडीतली साधी सकाळ आणि फिरायला निघालेला माणूस. मारणाऱ्याचं दुसरं आयुष्य सोडाच, पहिलंही पडद्यावर दाखवता येत नाही. नायक म्हणाल तर तो पहिल्याच दृश्यात मरतो, आणि त्याच्या हातात हत्यार म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज असतो. वितरक विचारतील, खलनायक कोण? तुम्ही म्हणाल, सातबारा. असे सिनेमे महाराष्ट्रात विकले जात नाहीत. तुम्ही रायफलीकडं परत या.

१४. शेवट

नवव्या रात्रीपर्यंत शेवट सुचणार नाही. घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं. नागफणीच्या कड्यावरून नायकाला खाली टाकायचं मनात येईल. ते निदान चाळीस जणांनी आधी लिहून झालंय, आणि सकाळी तिथं ट्रेकर्सची रांग लागलेली असते.

त्याच रात्री लाईट जाईल. जोराच्या पावसात लोणावळ्यात लाईट जाते. लॅपटॉप बंद, वायफाय बंद. केअरटेकर मेणबत्ती घेऊन येईल आणि दारात घुटमळेल. पहिल्या पायरीवर बजावलं होतं तरी तुम्ही बोलायला लागाल. कुठलं गाव, असं विचाराल.

'ह्येच की.'

म्हणजे?

'त्यो तुमचा पोहायचा हौद हाय ना, थितं आमचं खाचर व्हतं. इंद्रायणी भात लावायचो. शेजारच्या बंगल्यापत्तुर समदं आमचंच.'

मग तो सांगत राहील. थोरल्या भावानं साठेखत केलं. पैसे आले, एक गाडी आली, बहिणीचं लग्न झालं, मग गाडी गेली. ज्या एजंटानं व्यवहार केला त्यानंच इथली राखणीची नोकरी लावली. दिवसा तो पलीकडच्या गावात दुसऱ्याच्या खाचरात रोजानं जातो, रात्री इथं येऊन शिट्टी मारत फिरतो. बंगल्याच्या मालकाला रोजंदारीचं ठाऊक नाही, कळलं तर काढून टाकेल. गावातल्या सोयऱ्यांना राखणीचं सांगितलेलं नाही. तिथं अजून 'बंगल्याचा कारभार बघतो' असं चाललंय. पोरगा विशीचा आहे. त्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर कुणा 'भाई'चा फोटो त्याच्या फोटोपेक्षा मोठा असतो. पोरगा रात्री कुठं असतो हे बापाला माहीत नाही, आणि बाप दुपारी कुणाच्या शेतात वाकलेला असतो हे पोराला माहीत नाही.

ऐकून झालं की ताबडतोब विसरा. यात गोळी नाही, रायफल नाही, आणि निर्मात्याला कोरियन हवंय. सकाळी लाईट आली की नायकाला कड्यावरून टाका, 'समाप्त' लिहा आणि बिल निर्मात्याच्या नावावर करून निघा.

पण मुंबईला पोचल्यावर, किंवा त्याआधीच घाटात कोंडीत बसल्या-बसल्या म्हणा ना, राहवलं नाही आणि तुम्ही ते लिहिलंतच, तर एवढं करा. त्याला विचारून लिहा, पैसे द्या, आणि नाव द्यायला त्याची हरकत नसेल तर ते 'विशेष आभार'च्या यादीत टाकू नका. 'कथा' असं जिथं लिहितात, तिथं लिहा.